अनुभव धागा: जगावेगळा डेक (खेळायला स्वतः निवडलेली कार्डांची गड्डी) बांधून खेळायला गेलात, मग काय झालं?

जळगाव (धागा मीच काढलाय, तर सुरुवातही माझीच)

आमच्याकडे आखाजीला पत्ते निघाले की चार-चार दिवस मिटत नाहीत. त्यामुळे माझ्या हातात पोकेमॉनची कार्डं पाहून आजीचा पहिला प्रश्न होता, "हाऊ जुगार शे का रे?" नाही म्हणालो. पण 2023 साली मी जो डेक बांधला तो पाहता आजी फार चुकली नव्हती.

डेकचा आधार स्नॉरलॅक्स, म्हणजे या खेळातल्या लढणाऱ्या प्राण्यांपैकी, पोकेमॉनपैकी, एक. त्याच्या एका कार्डाला 'ब्लॉक' नावाची क्षमता आहे. तो पुढे उभा असेल तोवर समोरच्याचा पुढचा पोकेमॉन मागे हटू शकत नाही. मी समोरच्याच्या राखीव बाकावरचा, हल्ल्याला लागणारी एनर्जी नसलेला एखादा निरुपयोगी पोकेमॉन ओढून पुढे आणायचो आणि तिथेच अडकवून ठेवायचो. मारामारी नाहीच. दर पाळीला त्याला एक कार्ड उचलावं लागतं, आणि पाळीच्या सुरुवातीला उचलायला गड्डीत काही उरलं नाही की तो हरला. गिरणीत दळण टाकून बाकड्यावर बसल्यासारखा खेळ.

आम्ही इथे सहा जण खेळतो. पहिले दोन रविवार बाकीचे पाचही गारद. तिसऱ्या रविवारी पाचांच्याही डेकमध्ये 'स्विच' नावाची कार्डं चार-चार! ब्लॉक फक्त मागे हटणं अडवतो. स्विचने पुढच्या-मागच्या पोकेमॉनची अदलाबदल होतेच. तोंडावर आपटलो. आपलं गाव लहान, गुपित पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही.

मग महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेलो. तिथे कुणी ओळखत नव्हतं, पण घड्याळ आडवं आलं. 50 मिनिटांची फेरी, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. दोन फेऱ्यांत माझा पहिलाच डाव वेळेत संपला नाही, म्हणजे बरोबरी. चार फेऱ्यांत एक विजय, एक पराभव, दोन बरोबऱ्या. एक मुलगा उठताना म्हणाला, "दादा, झोप आली."

आता तुमचं येऊ द्या. हरलेलं आधी सांगा.

भुसावळ

मी मॅजिकवाला, म्हणजे 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळणारा. 'बॅटल ऑफ विट्स' हे कार्ड 2001 सालच्या ओडिसी संचातलं. तुमच्या पाळीच्या आरंभी गड्डीत 200 किंवा जास्त कार्डं असली की तुम्ही जिंकलात, बस्स. मॅजिकमध्ये डेक कमीत कमी 60 चा हवा, जास्तीला मर्यादा नाही. फक्त एक अट: दुसऱ्याच्या मदतीशिवाय, स्वतःच्या हातांनी पिसता आला पाहिजे.

माझा 240 चा. पेढ्यांच्या दोन रिकाम्या खोक्यांत बसतो. पिसायचा कसा, तर सहा ढीग करायचे, दोन-दोन एकत्र पिसायचे, मग ढिगांची अदलाबदल, पुन्हा तेच. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली. रात्रपाळीहून आलो की टीव्हीसमोर सराव करायचो, बायको वाटाणे सोलायला बसायची आणि मी कार्डं. चार मिनिटांवर आलो.

गणित मात्र हट्टी. एका नावाची चारच कार्डं चालतात. 60 च्या डेकमध्ये पहिल्या सात पानांत त्यातलं एक तरी येण्याची शक्यता 40 टक्के, 240 मध्ये 11. म्हणून अर्धा डेक शोधून आणणाऱ्या कार्डांचाच भरला. त्यात ते कार्ड खेळायला पाच माना (या खेळातली शक्ती) मोजावे लागतात. तोवर समोरचा आपल्याला जिवंत ठेवतो कशाला? पाच सामने हरलो. एक डाव मात्र जिंकलो: त्या पोराने कार्ड हातात घेतलं, दोनदा वाचलं, माझ्या ढिगाकडे पाहिलं आणि न मोजताच हात पुढे केला. त्या एका डावासाठी पाच हार कबूल.

अमळनेर

थोडं कडू बोलतो. निम्मी हौस 'मी सगळ्यांसारखा नाही' हे दाखवायचीच असते. तीन वर्षं मीही तेच केलं. चकित करणारा डेक पहिला डाव घेतो. दुसऱ्या डावात समोरचा सावध असतो, मॅजिकमध्ये तर 15 कार्डांच्या साइडबोर्डमधून (डेकबाहेरच्या राखीव कार्डांतून) तोडगाही घेऊन येतो. आता चालू असलेला चांगला डेक उचलतो, तीन कार्डं माझ्या मनाची घालतो. भरीत सगळ्यांचं एकच, मिरची आपापली. भुसावळकर रागावू नका, पण पाच हारींना मी हारच म्हणतो.

धुळे

माझी तक्रार उन्हाची. डेकमधलं सगळ्यांत महत्त्वाचं कार्ड हौसेने चकचकीत फॉइलचं घेतलं, चारही. बाकीची साधी. मे महिना, पारा 44 वर, दुचाकीच्या डिकीत डेक. कागदातली ओल उडते, कागद आकसतो, वरचा चकचकीत थर आकसत नाही. चारही कार्डांची कमान झाली. स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घातल्यावरही गड्डी टेबलावर ठेवली की कडेने बारीक फटी दिसायच्या, बरोबर चार. पंचाने गड्डी डोळ्यांच्या पातळीला धरली आणि म्हणाला, ही खुणेची पानं झाली, बदला. बदली कार्डं नव्हती. त्या चारांवर उभा असलेला डेक, त्यांच्याशिवाय काय खेळणार? प्रेक्षक म्हणून बसलो. आता साधीच घेतो आणि डबा सुती पिशवीत.

शहादा (मोबाईलवर)

यु-गि-ओ, हाही कार्डांचाच खेळ. त्यातलं 'फायनल काउंटडाउन' हे कार्ड: 2000 लाइफ पॉइंट (आपल्या जीवाचे गुण) भरायचे, दोघांच्या मिळून 20 पाळ्या टिकून राहायचं, आपण जिंकलो. सतराव्या पाळीला लाइट गेली, वाय-फाय गेला. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

पारोळा

मी खेळत नाही, शाळेत गणित शिकवते. लेकाने हट्टाने पोकेमॉनचा डेक केला: चार मॅजिकार्प, त्यांच्यापासूनच पुढे होणारे ग्याराडोस, आणि उरलेली सगळी मदतीची कार्डं. "आई, दुसरं कुणी आणतच नाही गं असा."

नियम असा की पहिल्या सात पानांत एकही बेसिक (थेट मांडता येणारा, मॅजिकार्पसारखा) पोकेमॉन नसेल तर ती दाखवून पुन्हा पिसायची, आणि दर वेळी समोरच्याला एक जादा कार्ड उचलता येतं. 60 मध्ये बेसिक फक्त चार, म्हणजे दहांपैकी सहा वेळा हात रिकामा. लागोपाठ तीनदा रिकामा जाण्याची शक्यताही पाचांत एक. नेमकं तेच झालं. खेळ सुरू व्हायच्या आधी समोरच्या मुलीच्या हातात दहा कार्डं!

घरी येईपर्यंत पोरगा बोलला नाही. शेवभाजीचा दुसरा वाडगा झाल्यावर विचारलं, "बेसिक आठ केले तर?" वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: रिकाम्या हाताची शक्यता 60 वरून 35 टक्क्यांच्या आत येते. म्हणाला, "पण मग मॅजिकार्पसोबत दुसरं कुणीतरी लागेल." तेव्हापासून कोण घ्यावं यावर घरात खल चालू आहे. इथे कुणाला सुचत असेल तर सांगा, तो शेजारी बसून वाचतोय.

जळगाव

पारोळ्याच्या भाऊला सांगा, येत्या रविवारी आईला घेऊन ये, माझ्याकडची बेसिक पोकेमॉनची पेटी उघडून बसू. भुसावळकर, तुम्ही ते 240 आणा. पिसायला आधी सुरुवात करा म्हणजे चहा होईपर्यंत होईल.