नकाशावर चिकटलेलं म्हणजे जोडलेलं?

एकांचं म्हणणं आहे की ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य एकसंध आहे, मग नेरूळची सुटी तळी राखीव ठेवायच्या जागांच्या यादीत कशाला? मला हे पटत नाही. मी नेरूळलाच राहतो. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरत असतात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि थव्यांना उथळ पाण्यात उभं राहायला दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजे ही तळी. पाणी उतरलं की स्वारी परत खाडीत. म्हणजे दिवसातून दोनदा हा 'कॉरिडॉर', म्हणजे ये-जा करायची वाट, वापरात असतो, फक्त तो हवेतून जातो.

कुठल्या जागा राखाव्यात हे सुचवणारं मार्क्सनसारखं सॉफ्टवेअर जागा निवडताना सीमेच्या लांबीवर दंड लावू शकतं, म्हणजे आटोपशीर, सलग तुकडे निवडले जातात. तो दंड वाढवा, की सुटं तळं पहिलं बाहेर! बिबट्यासाठी हे ठीक आहे, त्याला चालत जायचं असतं. घोडबंदर रोडने नागला बंदरचं जंगल बाकीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापासून तोडलंय, तिथे सलगपणाचं मोल कळतं. पण पक्ष्यांसाठी अंतर आणि भरतीची वेळ बघायला हवी.

अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली तर मात्र नकाशावर तळं तेवढंच राहतं, पक्ष्यांच्या लेखी संपलेलं. म्हणून तळ्यासोबत ती पाण्याची वाटही राखीव हद्दीत घ्या.