आपला वाडा ग्रुप: चकल्यांचा डबा आणि समुद्रावरची तट्टं

मीनल: पोचलो घरी. मेरीलँडच्या बे ब्रिजवर, खाडीवरच्या पुलावर, दीड तास रखडलो, रिया मागे झोपूनच गेली. पण बेटावरचे रानटी घोडे दिसले! फोटो टाकतेय.

शुभा आत्या: अगं हे तर समुद्रातच उभे आहेत! पोहायला आलेत का?

मीनल: नाही आत्या, माश्यांना कंटाळून. ऑगस्टात मागच्या दलदलीत चावऱ्या माश्या आणि डास इतके असतात की घोडे वाऱ्यावर, पाण्याच्या कडेला येऊन उभे राहतात. लोकांच्या छत्र्यांमधून आरामात फिरतात. आम्हालाही खूप चावले, रियाचे पाय बघवत नाहीत.

आबा: चि. मीनल, तट्टं छान आहेत. आपल्या भीमथडीच्या तट्टांची आठवण झाली. मालक कोण? नाल कोण मारतं?

नितीन: आबा, नाल नाहीच. वाळूत चालून खूर आपोआप झिजतात. बेटाचं नाव असाटीग, साधारण 60 किलोमीटर लांब, दोन तृतीयांश मेरीलँडमध्ये, एक तृतीयांश व्हर्जिनियात. राज्यांच्या हद्दीवर कुंपण आहे, त्यामुळे कळप दोन. आमच्या बाजूचे नॅशनल पार्कच्या देखरेखीत, पलीकडचे चिंकोटीग गावच्या अग्निशमन दलाचे.

ओंकार: काका, फायर ब्रिगेडचे घोडे?? 😂

नितीन: खरंच. दर जुलैच्या शेवटच्या बुधवारी, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकलं की कळप खाडी पोहून गावात आणतात. गुरुवारी शिंगरांचा लिलाव, मग मोठे घोडे परत पोहत बेटावर. 1925 पासून चाललंय. त्या पैशातून दलाचाही खर्च निघतो आणि घोड्यांच्या औषधपाण्याचाही.

शुभा आत्या: आईपासून लेकरू तोडून विकायचं? मला नाही पटत.

नितीन: आत्या, तिथे मोठी 150 जनावरंच ठेवायची परवानगी आहे. गवत तेवढंच. आमच्या बाजूला लिलाव नाही, तर 1994 मध्ये घोड्यींना लांबून डार्ट मारून गर्भनिरोधक द्यायला सुरुवात केली.

शुभा आत्या: हे त्यातल्या त्यात बरं. पण मग बेटावर आले कुठून?

मीनल: गावातले लोक सांगतात, स्पॅनिश जहाज फुटलं आणि घोडे पोहत आले. पार्कवाले म्हणतात, सतराव्या शतकात किनाऱ्यावरचे शेतकरी कर आणि कुंपणाचे कायदे चुकवायला जनावरं बेटावर सोडायचे, त्यांचे वंशज.

आबा: कर चुकवायला. हेच खरं असणार.

आई: मीनल तिसऱ्या फोटोतली गाभण आहे का ग? पोट केवढं सुटलंय बिचारीचं

मीनल: नाही आई, मलाही तसंच वाटलं होतं! सगळ्यांचीच पोटं अशी. खाजणातलं खारट गवत खातात, मग इतर घोड्यांच्या दुप्पट पाणी पितात, त्याने फुगतात.

ओंकार: काकू, हात लावला का?

मीनल: चाळीस फूट लांब राहायचं असतं. चावतात, लाथ मारतात. हो, आणि आता कबूल करते. शनिवारी दुपारी नितीन गाडीतून चटई आणायला गेला, मी रियाला क्रीम लावत होते, डबा टेबलावर उघडाच. मागे कुरुम्-कुरुम् आवाज. बघते तर एक तांबडा-पांढरा घोडा, डोळे अर्धे मिटून, आईंनी पाठवलेल्या चकल्या खातोय.

ओंकार: 😂😂😂 फोटो??

मीनल: फोटो कसला, मी किंचाळत होते. रेंजरबाई आल्या, घोड्याला हाकललं आणि मला शांतपणे ऐकवलं. खायला मिळालं की ते माणसांमागे लागतात, रस्त्यावर येतात, गाडीखाली सापडतात. असाच एक डबे-कूलर फोडायला सोकावलेला, माणसांच्या अंगावर जायला लागला, 2022 मध्ये त्याला कायमचं टेक्सासला हलवावं लागलं. तोंड लपवायला जागा नव्हती. खाणं गाडीत बंद ठेवायचं, हे फलकावर लिहिलं होतं आणि मी वाचलंही होतं.

नितीन: डबा आणलाय. झाकणाला दात उमटलेत.

शुभा आत्या: तो डबा माझ्या लग्नातला आहे!

आई: सगळ्या खाल्ल्या का त्याने

मीनल: अर्ध्या तरी गेल्याच असतील. उरलेल्या रेंजरबाईंनी फेकायला लावल्या.

आई: बरं. आधीच खारट खाऊन फुगलेलं जनावर ते. पुढच्या वेळी मीठ कमी घालते.