विषय: डहाणूकर ते हिंजवडी फेज ३, सकाळी कुठून?

प्रेषक: मंदार
रविवार, रात्री (पुणे)

मंडळी,
अमेरिकेहून पाठवलेलं सामान आलं. काय काय फुटलं ते नंतर. आत्ता घाईचा प्रश्न आहे. पुढच्या सोमवारपासून हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ ला रुजू होतोय, मेगापोलिस सर्कलच्या जरा अलीकडे. घर कोथरूडला डहाणूकर कॉलनीतच, आईकडे. ईराची स्कूल बस ७:५० ला येते, ती गेल्याशिवाय मला हलता येत नाही. केतकी तोवर बाहेर पडलेली असते. सव्वानऊला जागेवर हवं.

मॅप रविवारी पाऊण तास दाखवतो आणि कामाच्या दिवशी सकाळी दुप्पट. चांदणी चौकातून हायवेला लागायचं, इथवर ठरलंय. पुढे उतरायचं कुठे? सूस, राधा चौक, की सरळ वाकड? नीलिमाताई आणि अभय रोज त्याच बाजूला जातात ना?

मेट्रो सुचवू नका. वनाजला बसून उलटं सिव्हिल कोर्टाला जायचं आणि तिथून वळून हिंजवडीच्या दिशेला, असला द्राविडी प्राणायाम मला करायचा नाही.

मंदार

---

प्रेषक: शिरीषकाका
रविवार, सकाळी (फ्रीमाँट)

मंदार, हायवेच्या नादी लागूच नकोस. सेनापती बापट रोडने विद्यापीठ, तिथून औंध, मग जगताप डेअरी आणि वाकड. सरळ रस्ता, सावली आहे. आम्ही स्कूटरवर जायचो. औंध संपलं की दोन्ही बाजूला शेतं, गाडी आपोआप पळायची. इथे असताना तू १०१ हायवे अडला की २८० धरायचास, लांब पडला तरी चालायचा तुला. तसंच समज.

शिरीष

---

प्रेषक: अभय
सोमवार, सकाळी (बालेवाडी)

काका, तुम्ही गेल्यावर विद्यापीठ चौकात उड्डाणपूल झाला आणि २०२० मध्ये तो पाडूनही झाला. गणेशखिंड रोडचं आता नाव काढू नका. मंदारला कोथरूडहून तिकडे पाठवणं म्हणजे आधी पूर्वेला नेऊन मग पश्चिमेला सोडणं. ज्या कारणासाठी तो मेट्रो नको म्हणतोय, तेच तुम्ही त्याला पेट्रोल जाळून करायला सांगताय.

मंदार, सविस्तर रात्री लिहितो. सध्या एवढंच की सूसला उतरू नकोस.

अभय

---

प्रेषक: वैशाली
रविवार, रात्री (सनीव्हेल)

सर्वांना नम्र विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. परत गेलेल्यांच्या धाग्यांना विषयात [पुणे] लिहायचं, असं जाळीच्या दारांच्या धाग्यानंतर ठरलं होतं. तो धागा कसा संपला ते सर्वांना आठवत असेल.

शिवाय कोजागरीच्या दुधाचे पैसे अजून सात घरांकडून यायचे आहेत. मी नावं लिहीत नाही.

वैशाली

---

प्रेषक: सुजाता
सोमवार, दुपारी (सिंहगड रोड)

वैशाली, आमचे पैसे मी निघायच्या आधीच दिले होते, तुला नाही तर खजिनदारांना. तपासून घे.

मंदार, रस्त्याचं पुढे बघू, आधी लायसन्स काढून तारीख बघ. इथलं जुनं लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. चारचाकीची टेस्ट भोसरीला असते. ह्यांना जावं लागलं. आणि पहिले काही दिवस वळताना तुझा हात डावीकडच्या दांडीवर जाणार. इथल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो, त्यामुळे वळताना वायपर फिरायला लागतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवतो. कोरड्या काचेवर वायपर खरखरला की समजावं, हा नुकताच आलेला दिसतोय.

सुजाता

---

प्रेषक: नीलिमा
सोमवार, रात्री (बावधन)

मंदार, अभय काहीही म्हणू दे, तू सूसलाच उतर. मी रोज जाते म्हणून सांगते.

आधी हिंजवडीचं कोडं समजून घे. वाकडहून आत शिरलं की पहिली फेज, मग दुसरी, मग तिसरी, सगळ्या एकाच मुख्य रस्त्यावर माळेसारख्या ओवलेल्या. तुझं ऑफिस माळेच्या शेवटी. म्हणजे वाकडकडून आलास की शिवाजी चौकातली चक्राकार वाहतूक, फेज १ ची गर्दी आणि फेज २ ची गर्दी अंगावर घेऊनच तू पुढे सरकणार. त्यापेक्षा मागच्या दाराने ये. हायवेवरून पाषाण-सूस पुलाशी डावीकडे उतर, सूस गाव, नांदे, चांदे, माण आणि फेज ३. वाकडचं तोंड बघायला नको.

खोट कशात आहे तेही सांगते, नाहीतर नंतर म्हणशील ताईनं फसवलं. रस्ता अरुंद आहे आणि बांधकामं सगळीकडे चालू, त्यामुळे आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, मिक्सर धावतात. समोरून मिक्सर आला की तो थांबत नाही, डावी चाकं आपणच मातीत उतरवायची. पावसाळ्यात ती माती वाहून जाते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. मग उतरताना धाडकन आवाज येतो आणि वर चढताना गाडीचं पोट घासतं. तुझी गाडी बुटकी आहे का उंच, ते लिहिलं नाहीस. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यांच्या मागे अडकलास तर गाणी ऐक, ओव्हरटेक करू नकोस. त्यांच्या मागच्या दिव्यांचा काही भरवसा नसतो.

आणि खरं सांगू का, मी सव्वासातला निघते. ७:५० नंतर कुठूनही गेलास तरी फरक थोडाच.

नीलिमा

---

प्रेषक: अभय
सोमवार, रात्री (बालेवाडी)

नीलिमाताईची वाट बावधनवाल्यांना बरी. पण तिनेच कडा आणि पोट घासण्याचं लिहिलंय, तेव्हा माझं काम सोपं झालं.

मंदार, राधा चौकात उतर. लोक राधा चौक म्हटलं की घाबरतात, कारण पुलाखालचा गुंता त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. तुला पुलाखाली जायचंच नाही. तू दक्षिणेकडून येणार, म्हाळुंगे हायवेच्या पश्चिमेला. वेळेत डावी लेन धर, सर्व्हिस रोडला उतर, डावीकडे वळ आणि म्हाळुंगे. पुढे माण, फेज ३. गुंता ज्यांना बाणेरकडून म्हाळुंग्याला यायचंय त्यांचा. वळून ते तुझ्याच रस्त्याला लागतात हे खरं, पण तोवर तू चौक मागे टाकलेला असतो.

डावी लेन मात्र आधीपासून. आयत्या वेळी ट्रकच्या पुढून घुसायचं इथे सगळेच करतात, तू करू नकोस.

जाता जाता, सूसच्या रस्त्याची तक्रार करायची झाली तर कुणाकडे करणार ते ठरवून ठेव. सूस आणि म्हाळुंगे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, नांदे अजून बाहेर. फेजमधले रस्ते एमआयडीसीचे, हायवे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, आणि हिंजवडीत शिट्टी वाजवणारा पोलीस २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचा. एका खड्ड्यासाठी चार खिडक्या.

अभय

---

प्रेषक: नीलिमा
मंगळवार, सकाळी (बावधन)

अभय, म्हाळुंग्याच्या रस्त्यावर मिक्सर नाहीत असं तुझं म्हणणं आहे का? तिथे तर अख्खी टाउनशिप उभी राहतेय. आणि तुझं घर चौकापासून किती लांब ते सगळ्यांना माहीत आहे. घराजवळचा रस्ता सगळ्यांनाच चांगला वाटतो.

---

प्रेषक: अभय
मंगळवार, सकाळी (बालेवाडी)

मिक्सर आहेत, पण रस्ता रुंद आहे. मिक्सर आला तरी चाकं मातीत घालावी लागत नाहीत. वाद एवढाच आहे, ताई.

---

प्रेषक: शिरीषकाका
सोमवार, रात्री (फ्रीमाँट)

चांदणी चौकाचा विषय निघाला म्हणून. पूल पाडला तो दिवस आठवतो का कुणाला? पुण्यात २ ऑक्टोबर २०२२ चे रात्रीचे एक, इथे शनिवारची दुपार, आणि आपला भोंडला ऐन रंगात. ऐलमा पैलमा चालू आणि निम्मी मंडळी हत्तीकडे पाठ करून फोनमध्ये. स्फोट झाला, धूळ बसली आणि पूल बराचसा जागेवरच! वैशाली रागावली होती, फेर मोडला म्हणून. उरलेला मशीन लावून पाडावा लागला. पूर्वीची कामं अशी होती, लोखंड बघा किती घातलं होतं.

नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला म्हणतात. गेल्या भेटीत भाचा मला त्यावरून घेऊन गेला तर आम्ही मुळशीच्या रस्त्याला. मंदार, तिथे नीट बघून जा.

शिरीष

---

प्रेषक: वैशाली
सोमवार, रात्री (सनीव्हेल)

मी रागावले नव्हते. खिरापत ओळखायची वेळ झाली होती आणि रिंगणात मुली सोडून कुणीच उरलं नव्हतं.

सुजाता, खजिनदारांशी बोलले. तुमचे पैसे जमा आहेत. आता सहा घरं.

---

प्रेषक: सुजाता
मंगळवार, दुपारी (सिंहगड रोड)

वैशाली, धन्यवाद.

काकांचं चांदणी चौकाचं मात्र अगदी बरोबर आहे. रॅम्प इतके आहेत की पाटी वाचून डोक्यात शिरेपर्यंत फाटा मागे जातो. मंदार, रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर एकदा ईराला घेऊन फिरून ये. मॅपमधली बाई तिथे वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यात गोंधळते.

आणि एक विचारते, राग मानू नकोस. आई घरीच असतात ना? मग ईराला बसपर्यंत त्या का नाही नेत? बस सोसायटीच्या दारातच येते ना? तू सव्वासातला निघालास तर नीलिमा आणि अभयचं भांडणच मिटतं.

सुजाता

---

प्रेषक: मंदार
मंगळवार, रात्री (पुणे)

सगळ्यांचे आभार. काका, विद्यापीठमार्गे जात नाही, मनापासून सॉरी. लायसन्सला अजून दोन वर्षं आहेत. गाडी बुटकी आहे, सेदान.

सुजाता, बस दारात नाही येत, कॉर्नरला येते, आणि मधे रस्ता ओलांडावा लागतो. आईचे गुडघे आणि आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला सकाळच्या घाईत जिने करायला सांगायचं मला नको वाटतं.

मंदार

---

प्रेषक: शिरीषकाका
मंगळवार, सकाळी (फ्रीमाँट)

तुझ्या आईला विचारलंस का? मी तिला कॉलेजपासून ओळखतो. तिच्या गुडघ्यांचा निर्णय तू परस्पर घेतलेला तिला चालायचा नाही.

---

प्रेषक: नीलिमा
बुधवार, सकाळी (बावधन)

काकांशी सहमत. आणि सेदान म्हणालास, तर जाताना अभयच्या वाटेने जा, माझी ना नाही. पण परतीला राधा चौक नको. येताना तुला हायवेच्या पलीकडे, कात्रजकडच्या बाजूला जायचं, म्हणजे संध्याकाळी तोच पुलाखालचा गुंता तुझ्या वाट्याला. त्यापेक्षा माण, चांदे, नांदे, सूस, मग पुलावरून हायवे ओलांडून पाषाण आणि बावधनमार्गे चांदणी चौक. हायवेला लागायलाच नको.

---

प्रेषक: अभय
बुधवार, सकाळी (बालेवाडी)

परतीचं मान्य. मी परतताना हायवे ओलांडतो तेव्हा त्या पुलाखाली काय चालतं ते रोज बघतो.

---

प्रेषक: मंदार
गुरुवार, रात्री (पुणे)

आईला विचारलं. तिचं म्हणणं, विचारायला एवढे दिवस का लागले. ती तशीही सकाळी सातला दूध आणायला उतरतेच, हे मला घरात राहून माहीत नव्हतं. वर येऊन ईराची वेणी घालून परत उतरायचं तिला जड जातं, म्हणून दूध आता बस गेल्यावर येणार. चहा त्यामुळे उशिरा, त्यावर बाबांची नाराजी आहे. ती त्यांची ते बघतील.

तर सोमवारपासून सव्वासातला निघतो. जाताना राधा चौक, म्हाळुंगे. येताना नांदे, सूस. नीलिमाताई, साडेसहानंतर त्या रस्त्यावर दिवे असतात का?

मंदार

---

प्रेषक: नीलिमा
शुक्रवार, सकाळी (बावधन)

गावापुरते असतात, मधे नाहीत. समोरचा हायबीम मारत येतो, तेव्हा डावीकडच्या कडेवर नजर ठेव, त्याच्या दिव्यात बघू नकोस. सूसच्या अलीकडे भाजीवाले रस्त्यालाच बसतात आणि लोक गाड्या कशाही लावतात, तिथे हळू. धो धो पाऊस असला तर सेदान घेऊन त्या वाटेला जाऊच नकोस, मुकाट वाकडहून ये. आणि भाजी घ्यायचीच असेल तर मेथी बरी मिळते.