दाढीचा ब्रश: केसांचा हट्ट आता सोडावा

खाडीकाठ
फोमचा डबा सोडून साबण-ब्रशकडे परत येणारे लोक वाढताहेत, त्याचा आनंद आहे. पण त्यांना पहिला सल्ला मिळतो तो ‘घ्यायचा तर बॅजर या प्राण्याच्या केसांचाच घ्या’ असा. हा सल्ला मला साफ अमान्य आहे.

जुने नायलॉनचे ब्रश वाईटच होते. टोचायचे, पाणी धरायचे नाहीत. आजच्या चांगल्या सिंथेटिक ब्रशचे तंतू बहुधा पीबीटी या पॉलिएस्टरचे असतात, टोकाकडे निमुळते होत गेलेले. ते गालाला मऊ लागतात. भिजत घालायची गरज नाही. ओला करा, झटका, साबणावर फिरवा. तंतू स्वतः पाणी पीत नाहीत, म्हणून ब्रश लवकर सुकतो. कोकणात जुलैमध्ये साधा पंचा वाळत नाही, तिथे केसांचा ब्रश बुडाशी ओलाच राहतो. मग कुबट वास येतो आणि केस गळू लागतात.

शिवाय बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. ब्रिटनमध्ये त्याला 1992 च्या कायद्याचं संरक्षण आहे, आणि ब्रशचे केस मुख्यतः चीनमधून येतात. माझ्या दाढीसाठी हे मला नको.

राठदाढी
बॅजरबद्दल पटलं. पण तुम्ही डुकराच्या केसांचा ब्रश विसरलात. इटलीत बोलोन्याच्या ‘ओमेगा’चे असे ब्रश पिढ्यान्‌पिढ्या न्हाव्यांच्या हातात आहेत. नवा असताना राठ लागतो, वासही येतो. वापरता वापरता केसांची टोकं दुभंगतात आणि तो मऊ होतो. बुडाचा ताठपणा मात्र टिकतो. दाट, कडक दाढीचा केस उभा करायला तो ताठपणा लागतो. सिंथेटिक पहिल्या दिवशी जसा, तसाच शेवटपर्यंत. आणि त्याची ती स्प्रिंगसारखी उसळी! फेस आरशावर उडतो.

पावसाळ्याचं म्हणाल तर दोन ब्रश आलटून पालटून वापरा, धुऊन पंच्यावर घासा, बाथरूमऐवजी खिडकीत ठेवा.

गावचं_सलून
आमचं कराडकडे दुकान आहे. एकच ब्रश अनेकांच्या गालावरून फिरणार असेल तर केसांचा नकोच. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून सैनिकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. सिंथेटिक जंतुनाशकात बुडवला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. आणि डुकराचे केस तोंडाला लावायला आमची कितीतरी गिऱ्हाइकं तयार होणार नाहीत. त्यांना न सांगता वापरणं मला चूक वाटतं.

राठदाढी
न सांगता वापरू नये, एकदम मान्य. पण काळपुळीचं उदाहरण इथे लागू नाही. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, हाच तर त्यातला दोष होता. घरी एकट्याने वापरायच्या ब्रशला ती भीती कशाला? उलट प्लास्टिकचं बोला. केस मातीत कुजतो, पीबीटी नाही.

कुंचला
मी चित्रं काढतो, म्हणून लिहितोय. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तरी त्याच्या केसांचे कुंचले चोरून विकले जातात. आम्ही बरेच जण सिंथेटिककडे वळलो. जलरंगाला ते पाणी कमी धरतात, ही तक्रार खरी आहे. तरीही मुंगूस मारून मिळणारा कुंचला मला नको. डुकराचं तसं नाही. तो मांसासाठी पाळला जातो, केस मागाहून येतात. दोन्ही एका मापाने मोजू नका.

खाडीकाठ
प्लास्टिकचा मुद्दा मी टाळणार नाही. पण एक ब्रश वर्षानुवर्षं चालतो, फोमचे डबे मात्र एकामागून एक कचऱ्यात जातात. नवशिक्याने केसांच्या ब्रशच्या निगेला कंटाळून पुन्हा डब्याकडे जावं, यापेक्षा सिंथेटिक बरा.

बोअरचं_पाणी
आमच्याकडे पाणी जड आहे, फेसच होत नाही. कोणता घेऊ?

खाडीकाठ
सिंथेटिक. साबणाचा पांढरा थर त्याच्यावरून सहज निघतो.

राठदाढी
थर निघेल, पण फेसाचं काय? क्षार साबणाशी संयोग पावून साका करतात, त्यात ब्रशचा दोष नाही. आधी वाटीभर आरओ फिल्टरच्या पाण्यात फेस करून बघा. झाला, तर आहे तोच ब्रश ठेवा.