नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, पण कशातली?

सागरवेल (कणकवली): बीएस्सी नर्सिंगनंतर चार वर्षं नोकरी झाली, पहिलं वर्ष ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी, बाकी आयसीयू. आता दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर कोर्स (अत्यवस्थ रुग्णाला तपासून ठरलेल्या चौकटीत उपचारही सुरू करणारी नर्स) करावा म्हणते. आई म्हणते एमएस्सी करून कॉलेजात शिकव, गणपतीत रजा तरी मिळेल. माझं मत सांगते: कोकणाला क्रिटिकल केअरच हवं. आपल्याकडे माणूस वाटेत जातो.

घाटमाथा: शिकून येणार कुठे? भरतीच्या जाहिरातीत 'अधिपरिचारिका' (स्टाफ नर्स) असते, 'नर्स प्रॅक्टिशनर' मी तरी वाचलेलं नाही. मैत्रिणीने हाच कोर्स केला. आज एका खासगी रुग्णालयात तीच ड्युटी, तोच पगार. वर डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, तुम्ही फक्त सलाईन बघा."

सागरवेल: पद नाही म्हणून शिकायचंच नाही? ग्रामीण रुग्णालयात असताना लावणीच्या दिवसांत एका बाईला फुरसं (विषारी साप) चावलं होतं. दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं, पण हातात नळी घेऊन उभी राहिले, डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत.

खाडीपलीकडे: हे उदाहरण तुझ्याच विरुद्ध जातं. तेव्हा व्हेंटिलेटर लागला नाही, नळी आणि निर्णय लागला. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं, ते आयसीयूसाठी नव्हे, जिथे डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांसाठी. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडात माणसं वाचवली, तेही मोठ्या शहराबाहेरच. कम्युनिटी हेल्थमध्ये एमएस्सी कर.

निवृत्त बाय: तीस वर्सां उपकेंद्रात काढलंय. मिडवाइफरीचो दीड वर्षाचो कोर्स असा, तो कोणाच्या तोंडात नाय! बाळंतपणां खंय थांबली? पण बाय, माका इचारशीत तर आवशीचा आयक.

रात्रपाळी: खाडीपलीकडे, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) विसरलात. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झालेला पेशंट सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात निघतो तेव्हा ट्यूब, पंप, प्रेशर कोण सांभाळणार? तिथे एमएस्सीचा प्रबंध उपयोगी पडत नाही. (माझाही प्रबंध आहे, कपाटात आहे.)

खाडीपलीकडे: मान्य. पण त्या पेशंटला तीन दिवस आधी, ताप आला तेव्हा कोणी पाहिलं असतं तर?

रात्रपाळी: असतं तर! आज रुग्णवाहिकेत आहे त्याचं बोला. सागरवेल, शाखेइतकंच कॉलेजही बघ. हा कोर्स रेसिडेन्सीचा आहे, बराच काळ वॉर्डात जातो. तेव्हा आयसीयू कॉलेजच्या स्वतःच्या रुग्णालयाचा आहे की दुसऱ्याकडे पाठवतात, शिकवायला सोबत कोण उभं असतं, हे विचार. आधीच्या बॅचच्या मुलीचं लॉगबुक मागून बघ, किती गोष्टी तिने स्वतः केल्या, किती नुसत्या पाहिल्या. नाहीतर दोन वर्षं स्वस्तातली स्टाफ नर्स होशील.

घाटमाथा: माझ्या मैत्रिणीचं नेमकं तेच झालं. तिच्या लॉगबुकात पानंच्या पानं 'पाहिलं'.

सागरवेल: हे मला सुचलंच नव्हतं, मी फक्त फी विचारून ठेवली होती. सोमवारी नाइट ऑफ आहे, तेव्हा दोन्ही कॉलेजांना फोन करते. निवृत्त बाय, आईला तुमचं वाक्य दाखवणार नाही.