मदत हवी आहे: इम्पीडन्सचा ग्राफ कंट्रोलमध्येही का पडतोय?

मंडळी, इथे कोणी इम्पीडन्सवाल्या (करंटला किती अडथळा होतो ते मोजणाऱ्या) मशीनवर सेल्स वाढवतं का? मी ठाण्याची, लॅब रबाळेला एमआयडीसीत, गाईड सुट्टीवर आणि सीनियरने हे मशीन कधी हातात धरलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

प्लेट ९६ वेलची (खळग्यांची), तळाला सोन्याचे इलेक्ट्रोड. एमसीएफ-७ (ब्रेस्ट कॅन्सरचे सेल्स) टाकले, रात्रभरात चिकटले, पसरले, करंटची वाट अडली, ग्राफ मस्त वर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून एनके-९२, म्हणजे कॅन्सर सेल्सना मारणारे सेल्स, सोडले (ते तरंगतेच राहतात, त्यामुळे ग्राफ हलला तर एमसीएफमुळेच, हा माझा हिशोब). दोनेक तासांनी एनकेवाल्या वेल्स उतरायला लागल्या, छान. पण ज्यात नुसतं मीडियम घातलं त्या कंट्रोल वेल्सपण पंधरा मिनिटांत खाली आणि तीन-साडेतीन तासांनी परत वर! आता नॉर्मलाइज (एका वेळेचं रीडिंग १ धरून पुढचं सगळं त्याच्याशी ताडणं) कुठून करू? आधीच्या पॉइंटवरून केलं तर कंट्रोललाच किलिंग दिसतंय, नंतरचा धरला तर एनकेचे पहिले तीन तास पाण्यात.

आणि सकाळी मायक्रोस्कोपखाली निम्मे सेल्स भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल, पण ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या सेल्समध्ये शिरणारा रंग) घेत नव्हते. मग ग्राफ पडला तो मेले म्हणून की नुसते सुटले म्हणून?

(शुक्रवारी लाईट जाते तो खड्डा वेगळा, तो मी आता डोळे मिटून ओळखते.)

उत्तर १: ताई, मीडियम गारच घातलंत का?

धागाकर्ती: नाही हो, ३७ डिग्रीला गरम केलेलं. पण मल्टिचॅनल पिपेट शेजारच्या ग्रुपने नेलेली, मग एकेक वेल भरत बसले, प्लेट वीसेक मिनिटं हूडमध्ये बाहेर.

उत्तर १: मग तिथेच घोळ. प्लेट गार झाली की सेल्स आकसतात, परत ३७ला आले की पसरतात. नॉर्मलाइज एनके घालण्याआधीच्या शेवटच्या रीडिंगवरच करा, पण किलिंग काढताना दरवेळी त्याच क्षणाच्या कंट्रोलशी तुलना करा. पुढच्या वेळी एक वेल नुसत्या मीडियमची आणि एक नुसत्या एनकेची ठेवा, चिकटत नाहीत हे धरून नका चालू. कडेच्या ३६ वेल्समध्ये फक्त बफर भरा, तिथलं पाणी आधी उडतं. गोल सेल्सचं म्हणाल तर मशीनला इलेक्ट्रोड किती झाकलाय तेवढंच कळतं, जिवंत की मेलेला ते नाही. वरचं मीडियम काढून त्यात एलडीएचची (सेल मेला, फुटला की बाहेर गळणारं एन्झाइम) टेस्ट लावा.

धागाकर्ती: थँक्स दादा. एलडीएचचं किट फ्रीजमध्ये आहे, एक्स्पायरी बघून सांगते.