मदत हवी आहे: माहिती अधिकाराच्या अर्जाची केस, एंट्री-एक्झिटच्या अटी कुठे लावू?

नमस्कार मंडळी,

एका सरकारी कार्यालयासाठी (नाव नको) माहिती अधिकाराच्या अर्जांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं करतोय. कामं पुढे सरकवणारं इंजिन फ्लोएबल, मॉडेल सीएमएमएन १.१ (केसचं चित्र काढायची प्रमाण पद्धत) मध्ये. आधी सरळ फ्लोचार्ट काढला होता. तो बघून तिथले लिपिक म्हणाले, "साहेब, दोन अर्ज कधी एका वाटेनं गेलेत का?" म्हणून केस मॅनेजमेंटकडे (ठरलेली वाट नाही, अट जुळली की काम उघडतं) वळलो आणि आता अटींनी डोकं उठवलंय.

'अर्ज हाताळणी' ही एक स्टेज, म्हणजे कामांचा गट आहे. तिच्यात माहिती गोळा करणे, शुल्काचं पत्र, शुल्क जमा आणि माहिती पाठवणे ही कामं आहेत.

पहिली भानगड. चाचणीत २१४ पानांची माहिती मागणारा अर्ज टाकला. पानाला २ रुपये, म्हणजे ४२८ रुपये. पैसे भरलेच नाहीत, तरी 'माहिती पाठवणे' जावक लिपिकाच्या यादीत हजर! त्या कामाला मी दोन पांढरे शंकरपाळे लावलेत (एंट्रीच्या खुणेला आमच्यात सगळे शंकरपाळाच म्हणतात). एक 'माहिती गोळा' पूर्ण झाल्याचा, दुसरा 'शुल्क जमा' झाल्याचा. दोन्ही अटी दिल्या, मग चुकलं कुठे?

दुसरी. विषय दुसऱ्या कार्यालयाचा निघाला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करायचा. त्यासाठी स्टेजवर काळा शंकरपाळा, म्हणजे एक्झिट. अर्जात तीन मुद्दे होते, त्यातला एक जिल्हा परिषदेचा. तो वर्ग केला आणि उरलेल्या दोन मुद्द्यांचं कामही गायब. बांधकाम विभागातल्या मॅडमनी अर्धी नोंद भरून ठेवली होती, त्या विचारताहेत, "अहो, माझं कुठे गेलं?"

तिसरी म्हणजे उत्तराच्या मुदतीचा ३० दिवसांचा टायमर. शुल्काचं पत्र गेलं की घड्याळ थांबायला हवं, पण आमचं चालतच राहतं.

प्रतिसाद १

पहिलं सोपं आहे. दोन वेगळे शंकरपाळे म्हणजे 'किंवा'. कुठलाही एक पेटला की काम सुरू. 'आणि' हवं असेल तर एकाच शंकरपाळ्याला दोन्ही कामांकडून येणाऱ्या तुटक रेषा जोडा. ह्यात सगळेच एकदा पडतात, मीही पडलोय.

प्रतिसाद २

थांबा, तसं केलंत तर दारिद्र्यरेषेखालचा अर्जदार कायमचा अडकेल. त्याला शुल्क माफ आहे, म्हणजे 'शुल्क जमा' हे काम कधी होणारच नाही. त्यापेक्षा रेषा एकच ठेवा, 'माहिती गोळा' कडून येणारी, आणि शुल्काचं शंकरपाळ्याच्या आत इफ-पार्टमध्ये ('जर असं असेल तर' ही अट) लिहा.

पण तिथे 'बाकी रक्कम शून्य' असं लिहू नका! पत्र जायच्या आधी बाकी शून्यच असते. नेहमीच्या ट्रिगर मोडमध्ये (अटी कशा तपासायच्या ती सेटिंग) फ्लोएबल एकदा खरी ठरलेली अट लक्षात ठेवतं, नंतर ४२८ चढले तरी फिरून बघत नाही. 'शुल्क स्थिती' असं व्हेरिएबल घ्या, सुरुवातीला 'ठरलं नाही', आणि अट लिहा: स्थिती 'भरलं' किंवा 'माफ'. नाहीतर ट्रिगर मोड 'ऑन इव्हेंट' करून बघाल, पण त्यात काहीच लक्षात राहत नाही. माहिती ८ तारखेला गोळा झाली आणि पैसे २० ला आले तर काम उघडणारच नाही.

दुसऱ्या भानगडीत चूक इंजिनाची नाही. एक्झिट म्हणजे 'झालं' नव्हे, 'तोडलं'. स्टेजमधलं चालू काम टर्मिनेट होतं, कम्प्लीट नाही. कलम ६(३) नीट वाचा, अर्ज 'किंवा त्याचा योग्य तो भाग' वर्ग करता येतो. म्हणजे अट अर्जाला नको, मुद्द्याला हवी. प्रत्येक मुद्द्याची वेगळी छोटी स्टेज करा आणि काळा शंकरपाळा तिच्यावर लावा. जिल्हा परिषदेचा मुद्दा तुटेल, मॅडमचे दोन शाबूत राहतील. बाहेरच्या मोठ्या स्टेजवर एक्झिट फक्त अर्जदारानं अर्ज मागे घेतला तर.

प्रतिसाद ३

टायमरला 'पॉज' शोधत बसू नका. 'मुदत' नावाची वेगळी स्टेज करा, टायमर तिच्यात. शुल्काचं पत्र पाठवलं की एक्झिट. एंट्रीला मात्र दोन वेगळे शंकरपाळे: अर्ज नोंदला, किंवा शुल्क भरलं. इथे तुमचं मूळ चित्रच बरोबर ठरतं! रिपीटिशनचा, म्हणजे स्टेज पुन्हा उघडू देणारा नियम लावायला विसरू नका, नाहीतर एकदा तुटलेली स्टेज परत उघडत नाही. आत जाताना टायमरला ३० नाही, उरलेले दिवस द्या. अर्ज ३ मे, पत्र १० मे, पैसे २२ मे. सात दिवस खर्च झाले, २३ उरले, म्हणजे १४ जून.

धागाकर्ता

आभारी आहे. शंकरपाळे बदलले. २१४ पानांचा अर्ज आता शुल्काशिवाय हलत नाही आणि माफीवाला अडकत नाही. मुद्द्याच्या स्टेजेस आजच केल्या, मॅडमची नोंद जागेवर आहे. टायमर उद्या.

एक राहिलंच. तीनपैकी एका मुद्द्यात त्रयस्थ पक्ष असेल तर कलम ११ प्रमाणे निर्णयाला ४० दिवस मिळतात, बाकी दोघांना तीसच. मग 'मुदत' पण मुद्द्यागणिक करायची का? कुणी केलंय असं?